भिंगात पाहण्याचा अधिकार

प्रभादेवीहून वरळीकडे चालत निघाले की पांडुरंग बुधकर मार्ग लागतो. मुंबईच्या दूरचित्रवाणीची पन्नास वर्षे या एकाच रस्त्यावर भेटतात. दूरदर्शनचे मुंबई केंद्र येथलेच; २ ऑक्टोबर १९७२ रोजी ते सुरू झाले, दिल्लीनंतरचे देशातले दुसरे. त्याच रस्त्यावर बॉम्बे डाइंगच्या गिरणीचे आवार आहे. तेथे आता भोंगा वाजत नाही, काचेच्या इमारती आहेत, आणि २०१७ साली सुरू झालेल्या 'रिपब्लिक टीव्ही'ने आपला स्टुडिओ याच आवारात थाटला. जवळच लोअर परळला कमला मिलच्या आवारातून 'टाइम्स नाऊ' २००६ सालापासून बोलू लागली. सूत निघत होते तेथून आता मते निघतात. हा बदल नुसता धंद्याचा नाही असे मला वाटते, आणि तसे वाटण्याचे कारण मला गिरणीतच सापडले.

माझे आजोबा याच पट्ट्यातल्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तेथे महार कामगाराला शिरकाव नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकराने तोंडाला कसा लावायचा? म्हणजे जातीला एक तांत्रिक कारण मिळाले होते. 'आम्ही कुठे शिवाशिव पाळतो, पण यंत्रच तसे आहे ना!' १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे ठेवला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीची भाषा करणारेही अडचणीत आले. आजोबा गिरणीत लागले तोवर अस्पृश्यता कायद्याने संपली होती. तरी १९८२च्या संपात गिरणी सुटली तोवर ते रिंग खात्यातच राहिले.

तांत्रिक कारण ही मोठी सोयीची गोष्ट असते. ते बहुधा खरे असते. धागा खरोखरच ओढावा लागत होता. प्रश्न एवढाच की त्या खऱ्या कारणाची किंमत दर वेळी एकाच माणसाकडून का वसूल होते?

हा प्रश्न घेऊन मी स्टुडिओत गेलो नव्हतो. मला बोलावणे आले म्हणून गेलो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने रखडते, यावर या परिसरातल्या एका मराठी वृत्तवाहिनीला संध्याकाळची चर्चा करायची होती. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, शिष्यवृत्तीच्या तरतुदी आणि प्रत्यक्ष खर्च यांचे आकडे जमवून ठेवण्याची मला सवय आहे. ते आकडे कागदावर उतरवून मी गेलो. परतलो तेव्हा आकडे खिशातच होते, पण दुसरे काहीतरी शिकून आलो होतो. ते येथे सांगतो, कारण आपले कार्यकर्ते, प्राध्यापक, विद्यार्थी आता वरचेवर अशा चर्चांना जातात आणि तेथील लाकूडसामान, दिवे आणि काचा यांना निर्जीव समजून जातात.

पहिली खोली रंगभूषेची. रंगभूषाकार वयस्क होते. माझ्या चेहऱ्यावर पफ फिरवीत म्हणाले, "सर, दोन शेड वर घेतो. लाइटमध्ये काळपट दिसतं." मी विचारले, "निवेदकालाही घेता का?" ते म्हणाले, "त्यांना लागत नाही." ते खोटे बोलत नव्हते. स्टुडिओत दिव्यांची मांडणी साधारणपणे तीन प्रकारच्या दिव्यांनी होते. समोरून, थोडा बाजूने येणारा मुख्य दिवा. दुसऱ्या बाजूची सावली मऊ करणारा भरणीचा दिवा. आणि पाठीमागून डोक्यावर, खांद्यावर पडणारा, माणसाला पार्श्वभूमीपासून सुटा करणारा मागचा दिवा. कॅमेऱ्याच्या छिद्रातून किती प्रकाश आत घ्यायचा हे चेहऱ्यावरून ठरवतात. कॅमेऱ्यात 'झेब्रा' नावाची सोय असते. चित्राचा जो भाग ठरावीक उजेडापर्यंत पोहोचतो त्यावर तिरप्या रेघा उमटतात आणि चेहरा ठीक उजळला की नाही ते कळते. आता एका टेबलाभोवती पाच वर्णांची पाच माणसे बसली तर कोणाच्या चेहऱ्यावरून हिशेब मांडायचा? अर्थात जो रोज बसतो त्याच्या, म्हणजे निवेदकाच्या. बाकीच्यांनी त्या उजेडाशी जुळवून घ्यायचे. न जुळल्यास पावडर आहेच.

ही गोष्ट आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत छायाचित्रे धुणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचे चित्र पाठवीत असे. त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असे आणि धंद्यात त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कांती नीट आली म्हणजे रंग नीट आले. काळ्या माणसाचा चेहरा त्या फिल्मवर डोळे आणि दात एवढाच उरत असे. तक्रार झाली, पण बदल झाला तो मुख्यतः लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्या जाहिरातदारांनी ओरड केली तेव्हा. तपकिरी रंगाच्या छटा दिसत नाहीत, माल विकला जात नाही, असे त्यांचे म्हणणे. माणसापेक्षा चॉकलेटची तक्रार आधी ऐकली गेली!

मी वर जाळीवर दिवे हलवीत असलेल्या लाइटमनला नंतर विचारले की टोकाच्या खुर्चीसाठी एक दिवा वाढवायचा झाला तर किती वेळ लागेल. तो म्हणाला, "दोन मिनिटं. पण सांगायला पाहिजे ना कुणी."

आता खुर्चीकडे येतो. सेटवर अर्धगोल टेबल होते. फ्लोअर मॅनेजर मुलगी नम्र होती. तिने मला टोकाची खुर्ची दाखवली. मी दुसऱ्या खुर्चीकडे वळलो तर म्हणाली, "सर, प्लीज तिथेच. नाहीतर लाइन तुटते." मी बसलो. घरी येऊन ही 'लाइन' काय ते समजून घेतले. दोन माणसे समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेघ धरतात आणि सगळे कॅमेरे त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवतात. एखादा कॅमेरा पलीकडे गेला तर पडद्यावर दोघे एकाच दिशेला तोंड करून बसल्यासारखे दिसतात, पाहणाऱ्याचा गोंधळ होतो. नियम खरा आहे. पण ही रेघ निवेदक आणि पाहुणे यांच्यामधली. पाहुण्यांनी आपसात खुर्च्या बदलल्या तर ती तुटत नाही. त्या मुलीला हे माहीत नव्हते असे नाही. तिला कोण कुठे बसणार याचा कागद वरून आला होता.

टोकाच्या खुर्चीत काय वाईट आहे? बाबासाहेबांना शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागले होते, तुला तर फिरती खुर्ची मिळाली, असे कोणी म्हणेल. तर ऐका. अशा चर्चेला बहुधा तीन-चार कॅमेरे असतात. एक सगळे टेबल दाखवतो, एक निवेदकाला धरून असतो, उरलेले पाहुण्यांवर फिरतात. निवेदकाला लागून बसलेला पाहुणा निवेदकाच्या चौकटीतही येतो. तो न बोलताही दिसतो. दुसरा बोलत असताना त्याने मान डोलावली, भुवई उडवली, हसू दाबले तर पलीकडच्या नियंत्रण कक्षात बसलेला दिग्दर्शक बटण दाबून तेवढे दाखवतो. हे मान डोलावणे फार महत्त्वाचे असते. कोणाचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे आणि कोणाचे नाही, हे प्रेक्षक त्या मानेवरून ठरवतो. टोकाचा माणूस फक्त स्वतः बोलताना दिसतो, आणि तोही बरेचदा एका बाजूने, कारण त्याला निवेदकाशी बोलायला मान पूर्ण वळवावी लागते. ज्याचा चेहरा सारखा अर्धाच दिसतो त्याच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. मी बोलत असताना नियंत्रण कक्षाने दोनदा शेजारच्या गृहस्थांची मान दाखवली. ती नकारार्थी हलत होती. ते बोलत असताना माझी मानही नकारार्थीच हलत होती. ती कोणी पाहिली नाही.

मग नावाची पट्टी. वाहिन्यांत तिला 'अ‍ॅस्टन' म्हणतात. शेजारच्या गृहस्थांच्या नावाखाली 'अर्थतज्ज्ञ' असे आले. त्यांचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि व्यवसाय करसल्लागाराचा. त्यात गैर काही नाही, पैशाचे त्यांना कळते. माझ्या नावाखाली 'दलित कार्यकर्ते' असे आले. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी माझी, बारा वर्षे तो विषय शिकवणारा मी. पण पट्टीत मावला तो माझा जन्म. कार्यकर्ता या शब्दाची मला लाज नाही, उलट तो मी मिरवला असता. पण कार्यकर्ता मागणी करतो आणि तज्ज्ञ निर्णय देतो, अशी त्या दोन पट्ट्यांत कामाची वाटणी झाली होती. त्यानंतर मी आकडे सांगितले असते तरी ते गाऱ्हाणे म्हणूनच ऐकले गेले असते. निवेदकाने मला विचारले ते 'तुमच्या समाजाची भावना काय आहे?' आणि त्यांना विचारले ते 'सरकारी तिजोरीला हे परवडेल का?' भावना आमच्या, तिजोरी त्यांची.

पण या सगळ्याहून मला अधिक अस्वस्थ केले ते डोळ्यांनी. कोणी कोठे पाहायचे, याचे स्टुडिओत पक्के नियम आहेत, आणि ते इतके अंगवळणी पडले आहेत की प्रेक्षकाला ते निसर्गनियम वाटतात.

निवेदक भिंगात पाहतो. भिंगासमोर तिरपी काच बसवलेली असते. खालच्या पडद्यावर सरकणारा मजकूर त्या काचेवर उमटतो, आणि कॅमेरा काचेतून आरपार पाहतो. त्यामुळे निवेदक वाचत असतो तरी आपल्याला वाटते की तो आपल्याच डोळ्यांत पाहून, मनातले बोलतो आहे. पंतप्रधान देशाला उद्देशून बोलतात तेव्हा तेही असेच भिंगात पाहतात. स्टुडिओतला पाहुणा भिंगात पाहत नाही. त्याने निवेदकाकडे पाहायचे. म्हणजे तो प्रेक्षकाशी थेट बोलत नाही, मध्यस्थाशी बोलतो. आणि तिसरा वर्ग, ज्याच्यावर प्रसंग गुदरला आहे त्याचा. तो रस्त्यावर, वस्तीत, इस्पितळाच्या दारात उभा असतो. त्याला बातमीदार सांगतो, "कॅमेऱ्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा." बातमीदार कॅमेऱ्याच्या बाजूला उभा, म्हणून पडद्यावर हा माणूस आपल्याला सोडून भलतीकडेच कोणाकडे तरी पाहत बोलतो. आपण त्याच्याकडे पाहतो, तो आपल्याकडे पाहू शकत नाही. यालाही तांत्रिक कारण आहे. सवय नसलेल्या माणसाची नजर भिंगासमोर टिकत नाही, चळते, आणि चळणारी नजर खोटारडी दिसते. कारण खरे आहे. पण निवेदकाची नजरही पहिल्या दिवशी चळतच असते. त्याला सवय करून देतात, याला देत नाहीत.

आमच्या चर्चेच्या सुरुवातीला माझ्याच महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी दाखवली. शिष्यवृत्ती न आल्याने तिची परीक्षेची फी थकली होती. ती दारात, रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात, पाठीमागे ऊन घेऊन उभी होती. तिचा चेहरा काळवंडलेला आणि ओढणी वाऱ्यावर. ती चौदा सेकंद बोलली. मी नंतर घड्याळ लावून मोजले. वर्गात ती सलग दहा मिनिटे मुद्दे मांडू शकते. पण चर्चेचा विषय असलेली ती आत येऊ शकली नाही, आणि आत बसलेले आम्ही चौघे तिच्याविषयी चाळीस मिनिटे बोललो. गावकुसाच्या आत चर्चा आणि गावकुसाबाहेर चर्चेचा विषय, अशी ही मांडणी. पडद्यावर ती इतकी स्वच्छ दिसते की कोणाला खटकत नाही.

ग्लासगो विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या एका गटाने १९७६ साली 'बॅड न्यूज' नावाचे पुस्तक काढले. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर संपाच्या बातम्या कशा दाखवतात याचा त्यांनी माणशी, मिनिटागणिक हिशेब ठेवला होता. व्यवस्थापक बोलतो तो आपल्या कचेरीत, शांततेत, मागे पुस्तकांचे कपाट घेऊन. संपकरी बोलतो तो फाटकाबाहेर, गर्दीत, आरडाओरड्यात. दोघांनाही समान सेकंद दिले तरी एक विचार करून बोलतो आणि दुसरा नुसता ओरडतो असेच वाटणार. ज्यांच्या घरात गिरणीचा संप झाला आहे त्यांना हे पुस्तक वाचायला ग्लासगोला जावे लागू नये.

कोणी म्हणेल, हे खासगी वाहिन्यांचे पाप आहे, दूरदर्शनच्या काळात असे नव्हते. मला तसे वाटत नाही. वरळीचे केंद्र सुरू झाले ते १९७२ साल, आणि दलित पँथरचा जन्मही त्याच वर्षाचा. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरची सभा झाली आणि दंगल पेटली, १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. तेव्हा दूरदर्शनचा मनोरा त्या चाळींपासून पायी जाण्याच्या अंतरावर उभा होता. त्या काळी बाहेरचे चित्रण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर होई. फिल्म आणायची, धुवायची, कापायची, मग दाखवायची. आणि पुष्कळदा तिच्यावर आवाज नसेच. स्टुडिओतला वृत्तनिवेदक तिच्यावर आपला आवाज चढवी. म्हणजे स्टुडिओतल्या माणसाला आवाज आणि बाहेरच्याला नुसते हलणारे ओठ, अशी वाटणी यंत्रानेच करून टाकली होती. 'मूकनायक' हे नाव बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पत्राला का दिले, हे त्या मूक फिल्मकडे पाहून नव्याने कळते. दूरदर्शनविषयी एक गोष्ट मात्र मान्य करतो. 'आमची माती आमची माणसं'सारख्या कार्यक्रमामुळे शेतकऱ्याला, त्याच्या बोलीला, त्याच्या मळलेल्या धोतराला स्टुडिओत बसायला जागा झाली. तो शेतकरी बहुधा जमीनवाला होता, ही गोष्ट वेगळी.

खासगी मराठी वृत्तवाहिन्या आल्या त्या २००७ आणि २००८ साली, 'झी २४ तास', 'स्टार माझा' आणि 'आयबीएन लोकमत'. त्यांच्याबरोबर चर्चेचा बाजार वाढला आणि सेटही बदलला. पाहुण्यांना स्टुडिओत आणण्याचा खर्च आणि वेळ नको म्हणून प्रत्येकाला आपापल्या ठिकाणी बसवून पडद्यावर खिडक्या पाडण्याची पद्धत रुळली. चार खिडक्या, सहा खिडक्या, इंग्रजी आणि हिंदी वाहिन्यांवर तर आठ-दहाही. येथे एक गंमत झाली. दूर बसलेल्या पाहुण्याला निवेदक दिसत नाही, फक्त कानातल्या गुंडीतून ऐकू येतो, त्यामुळे त्याला भिंगातच पाहावे लागते. म्हणजे जो अधिकार स्टुडिओतल्या पाहुण्याला नव्हता तो खिडकीतल्याला आपोआप मिळाला! मला वाटले होते की आता काहीतरी उलटेल. पण अधिकार तोवर भिंगातून निघून दुसरीकडे गेला होता. तो आवाजाच्या टेबलावर गेला. तेथे प्रत्येक पाहुण्याच्या आवाजाची एक सरकपट्टी असते, तिला फेडर म्हणतात. ती बोटभर खाली ओढली की खिडकीतला माणूस ओठ हलवीत राहतो आणि ऐकू येतो फक्त निवेदक. पुन्हा तीच सोळा मिलिमीटरची मूक फिल्म. फरक इतकाच की तेव्हा यंत्राला जमत नव्हते म्हणून माणूस मुका होता, आता जमते तरी मुका आहे. शिवाय त्याला ते कळतही नाही. आपण बोललो अशा समाधानात तो घरी जातो.

खिडक्यांचा आकारही पाहा. निवेदकाची चौकट मोठी किंवा मधोमध, मागे सरकता लाल-केशरी पडदा, ज्वाळा, विजा, फिरणारे गोल. १९६० साली २६ सप्टेंबरला अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांचा पहिला दूरचित्रवाणीवरचा वाद झाला. नुकताच आजारातून उठलेला निक्सन करड्या सुटात करड्या पडद्यासमोर उभा राहिला, त्याने नीट रंगभूषाही नाकारली, आणि तो त्या पडद्यातच विरघळून गेला. गडद सुटातला केनेडी ठसठशीत उठून दिसला. तेव्हापासून राजकारणी लोक पार्श्वभूमीचा रंग विचारून कोट निवडू लागले. आपला कार्यकर्ता मात्र निळ्या पडद्यासमोर निळा सदरा घालून जातो, आणि तो अभिमानाने घातलेला असतो. पडदा निळा असेल आणि त्यावर यंत्राने दुसरे चित्र चढवायचे असेल तर त्याच्या सदऱ्याच्या जागीही शहराच्या इमारती दिसू लागतात. हे आधी सांगायची तसदी कोणी घेत नाही, आणि मग स्टुडिओतलाच एखादा काळा कोट उसना अंगावर येतो.

हे सारे कोण ठरवते? निवेदक नव्हे, तो नुसता चेहरा. नियंत्रण कक्षातला दिग्दर्शक, पाहुणे सुचवणारा समन्वयक, रोजची बैठक घेणारा संपादक. २००६ साली योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीच्या ३७ राष्ट्रीय माध्यमसंस्थांतल्या ३१५ निर्णयकर्त्या पत्रकारांची पाहणी केली. त्यांत एकही दलित किंवा आदिवासी आढळला नाही. तेरा वर्षांनी, २०१९ साली, ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा मोजले. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. दोन्ही पाहण्या इंग्रजी आणि हिंदी माध्यमांच्या आहेत, त्या जशाच्या तशा मराठीला लावणे बरोबर नाही. पण मी ज्या स्टुडिओत गेलो तेथे झाडणारा, केबल ओढणारा, चहा देणारा आणि रंगभूषा करणारा यांच्याशी बोलताना मला आमच्या वस्तीत बोलल्यासारखे वाटले, आणि काचेपलीकडच्या कक्षात डोकावलो तेव्हा तसे वाटले नाही. रिंग खाते आणि विणकाम खाते यांच्यामध्ये काचेची भिंत आली आहे, एवढेच.

मग जायचेच नाही का? आपल्यातले काहीजण तसे म्हणतात, आणि त्यांचा राग मला समजतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू १९९६ साली दूरचित्रवाणीवर दूरचित्रवाणीविषयीच बोलले. वेळेचे बंधन नाही, विषय दुसऱ्याने ठरवलेला नाही, मध्ये तोडणारा कोणी नाही, अशा आपल्याला लाभलेल्या अटी त्यांनी आरंभीच सांगितल्या, आणि या अटी कोणाला मिळत नाहीत हेही सांगितले. आदल्या वर्षीच्या फ्रान्समधल्या संपावर झालेल्या एका चर्चेत कोणाला कुठे बसवले, कोणाला कसल्या सुरात प्रश्न विचारला, याची त्यांनी चिरफाड केली ती आपण सर्वांनी वाचावी अशी आहे. पण बोर्द्यूंना अटी घालता आल्या कारण ते बोर्द्यू होते. आपण नकार दिला तर समन्वयक यादीतला पुढचा नंबर फिरवतो.

म्हणून मी आता जाताना काही गोष्टी फोनवरच विचारून घेतो. माझ्या नावाखाली काय लिहिणार? 'अर्थशास्त्राचे प्राध्यापक' असे लिहा, मी संदेश पाठवतो, त्यातूनच उतरवून घ्या. बाहेरून कोणाला दाखवणार असाल तर तिला आत का बोलावत नाही? पार्श्वभूमी कोणत्या रंगाची आहे? स्टुडिओत गेल्यावर लाइटमनला नावाने हाक मारतो, एक दिवा मागतो. तो हसून देतो. खिडकीतून बोलायचे असेल तर घरी दुसऱ्या खोलीत कोणाला तरी टीव्हीसमोर बसवतो आणि माझा आवाज बंद केला तर फोनवर खूण करायला सांगतो. एकदा अशी खूण आली तेव्हा मी बोलायचे थांबलो, वहीच्या पानावर 'माझा आवाज बंद आहे' असे लिहिले आणि पान भिंगासमोर धरले. पुढच्या वेळी त्या वाहिनीचा फोन आला नाही. पण ते पान दिसले होते, गावाकडून तिघांनी कळवले.

आपल्या स्वतःच्या वाहिन्या आहेत, नागपूरच्या 'लॉर्ड बुद्धा' आणि 'आवाज इंडिया' या तर अनेकांच्या घरी लागतात, आणि मोबाइलवर चालणारी माध्यमे पुष्कळ निघाली आहेत. त्यांचे मोल मोठे आहे. मात्र आपणही स्टुडिओ उभारताना कित्येकदा तेच काचेचे टेबल, मागे तेच उंच इमारतींचे चित्र, तोच मधोमधचा निवेदक आणि तीच टोकाची खुर्ची आणतो. फक्त रंग निळा असतो.

गेल्या वर्षी मी वर्गात एक प्रयोग केला. मुलांना रात्रीची चर्चा आवाज बंद करून पाहायला सांगितली: कोण भिंगात पाहतो, कोण बाजूला, कोण बसलेला, कोण उभा, कोणाच्या मागे पुस्तके, कोणाच्या मागे रस्ता. दुसऱ्या दिवशी वह्या भरून आल्या. मग त्यांना म्हटले, आता तुमची चर्चा तुम्ही करा. एक मोबाइल, टेबलावरचा एक दिवा, वर्गातली बाके. बाके गोल मांडायची असे ठरले. कॅमेरा कोणी धरायचा यावर अर्धा तास भांडण झाले आणि ते मला आवडले. ती चौदा सेकंदांची विद्यार्थिनी या वेळी भिंगात पाहून बोलली. सुरुवातीला तिची नजर चळत होती, तिसऱ्या मिनिटाला थांबली.

सगळे झाल्यावर आम्ही ते चित्रण फळ्यावर पाहिले. बाके गोल होती खरी. पण मला त्यांनी दिव्याच्या बरोबर समोर बसवले होते, प्रत्येकजण बोलून झाल्यावर माझ्याकडे पाहत होता, आणि माझी मान दर वेळी चित्रात आली होती. ती डोलत होती.